फुटलेली टोळी

२०२३च्या मे महिन्यात मी रात्री जागून एका रोजच्या मराठी मालिकेचे संवाद लिहीत होतो. मालिकेच्या श्रेयाच्या पाट्यांत माझं नाव नव्हतं. छत्रपती संभाजीनगरात टीव्ही सेंटरजवळ एक खोली घेतली होती. दिवसा क्लासमध्ये नववी-दहावीला मराठी शिकवायचो, आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास मोबाइलवर वनलाइन यायची. वनलाइन म्हणजे कोणत्या सीनमध्ये काय घडणार याचा दीड पानाचा आराखडा. त्यावरून सकाळी आठपर्यंत पूर्ण भाग लिहून पाठवायचा, कारण साडेनवाला तिकडे कलाकार मेकअपला बसलेले असत आणि त्यांच्या हातात पानं द्यावी लागत.

विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात मला सीनियर असलेल्या एका दादाने हे काम दिलं होतं. तो मुंबईत, मालिकेच्या लेखनाच्या टीममध्ये. भागाला बाराशे रुपये. "नाव येणार नाही, पण हात बसेल," असं तो म्हणाला होता, आणि ते खरं होतं. एकांकिकेत जे तीन पानं बोलून मांडायचो, ते चार ओळींत मांडायला मी या कामात शिकलो. हे मी आजही नाकारत नाही.

२ मेला अमेरिकेतल्या पटकथा लेखकांचा संप सुरू झाला. रायटर्स गिल्ड ऑफ अमेरिका या संघटनेचे साधारण ११,५०० लेखक एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला स्टुडिओ आणि स्ट्रीमिंग कंपन्यांची मिळून असलेली संघटना. संपाआधी मतदान झालं, त्यात जवळजवळ ९८ टक्के लेखकांनी संपाच्या बाजूने कौल दिला. मी रोज रात्री भाग लिहायला बसण्याआधी अर्धा तास या बातम्या वाचायचो. ज्या मालिका बघून मला हे काम करावंसं वाटलं, त्या लिहिणारी माणसं हातात फलक धरून फुटपाथवर फेऱ्या मारत होती.

रविवारी गावाकडे फोन केला तेव्हा आण्णांना सांगितलं. आमचं गाव धारूर तालुक्यात. आण्णांनी बावीस हंगाम ऊस तोडला, पाठ गेल्यावर थांबले. आता भाऊ आणि वहिनी जातात.

"ते कामून संपावर गेलेत?" आण्णा म्हणाले. "पैसे देईनात का?"

मी त्यांना सांगायला लागलो. तिकडे लेखकाला लिहिण्याचे पैसे मिळतात ते वेगळे. त्याने लिहिलेलं पुन्हा टीव्हीवर दाखवलं, दुसऱ्या देशात विकलं, की प्रत्येक वेळी त्याला एक हिस्सा मिळतो. त्याला रेसिड्युअल म्हणतात. १९६०च्या संपातून लेखकांनी टीव्हीवर विकल्या जाणाऱ्या सिनेमांतला हा हिस्सा आणि पेन्शन-आरोग्याचा निधी मिळवला होता. दोन कामांच्या मधल्या रिकाम्या महिन्यांत लेखकाचं घर या हिश्श्यावर चालतं. आता सगळं मोबाइलवर आलं. तिथं पुन्हा दाखवणं असा प्रकारच नाही, मालिका कायमचीच पडलेली असते. मग एक ठरीव रक्कम हातावर ठेवतात, बघणारे दहा हजार असोत की दहा कोटी. किती लोकांनी बघितलं हा आकडा कंपनी लेखकाला सांगत नाही.

आण्णा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे काटा मारायलेत."

यापेक्षा नेमकं मी आजवर कुठे वाचलेलं नाही. ऊस मोजायचा काटा कारखान्याचा, वजन करणार कारखान्याचा माणूस, पावती कारखान्याची. तोडणाऱ्याला फक्त मोळ्या माहीत असतात.

संपाच्या मागण्यांमध्ये मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट मात्र पैशाची नव्हती. ती होती लेखकांच्या खोलीची. तिकडे मालिका एका खोलीत बसून लिहितात, सात-आठ-दहा जण, त्यात दोघं-तिघं अगदी नवे. नव्याला भाग मिळतो, तो चित्रीत होताना सेटवर जाता येतं, संकलन बघता येतं. गेल्या काही वर्षांत कंपन्यांनी या खोल्या लहान केल्या होत्या. तीन-चार लेखक थोड्या आठवड्यांसाठी बोलवायचे, सगळी मालिका त्यांच्याकडून काढून घ्यायची आणि शूटिंग सुरू व्हायच्या आधीच त्यांना मोकळं करायचं. याला मिनी रूम म्हणत. नवा लेखक सेट न बघताच घरी. मी हे वाचलं तेव्हा मला माझी खोली दिसली. मी अडतीस भाग लिहिले आणि त्या मालिकेचा सेट मी आजवर बघितलेला नाही. माझं वाक्य बोलताना नटीचा श्वास कुठे अडतो, कुठला शब्द तिने तिथल्या तिथे बदलला, का बदलला, हे मला कोणी सांगितलं नाही. आठ वाजता फाइल गेली की माझा संबंध संपायचा.

आणखी एक नियम वाचला, तो डोक्यातून जाईना. गिल्डने सभासद नसलेल्यांसाठीही लिहिलं होतं: संपाच्या काळात ज्या कंपन्यांविरुद्ध संप आहे त्यांचं लेखन कोणी बाहेरच्याने केलं, तर त्याला पुढे गिल्डचं सभासदत्व मिळणार नाही. म्हणजे जो अजून आत आलेलाच नाही, ज्याचं नाव कुठल्या यादीत नाही, त्याच्याशी संघटना बोलत होती. मी माझ्या मनाला सांगितलं की अमेरिकेतल्या कंपन्यांशी आपला काय संबंध. तरी रात्री दोनला सासूचे संवाद लिहिताना मला धारूरचा घाट आठवायला लागला.

मी तिसरी-चौथीत असेन. आमच्याकडे दसरा झाला की ऊसतोड्यांच्या टोळ्या कारखान्यांकडे हलायच्या, आणि करार संपलेला असेल त्या वर्षी हलायच्या आधी 'कोयता बंद', म्हणजे तोडणीचा संप, व्हायचा. गोपीनाथराव मुंडे संघटनेचे नेते होते. साखर संघाबरोबर, म्हणजे कारखान्यांच्या संघटनेबरोबर, बोलणी, लवाद, हे शब्द आम्हा पोरांना अभ्यासाच्या शब्दांआधी पाठ होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती कधीच लग्नात, दवाखान्यात, सावकारात जिरलेली असते, आणि हंगामभर तोडून ती फेडायची असते. त्यामुळे कोयता बंद म्हणजे नुसतं घरी बसणं नव्हे, अंगावर कर्ज असताना घरी बसणं. टनामागे किती वाढवून मिळणार हे ठरेपर्यंत एकही ट्रक जिल्ह्याबाहेर जाऊ द्यायचा नाही, असं ठरायचं.

त्या वर्षी रात्री आमच्या गावातली माणसं घाटात जाऊन बसली. मी हट्ट करून आण्णांबरोबर गेलो होतो. मध्यरात्रीनंतर एक ट्रक आला. माणसांनी आडवा दगड टाकून थांबवला. ड्रायव्हर म्हणाला, "सिमेंट हाय." आण्णांनी मागं जाऊन ताडपत्रीचा कोपरा उचलला. आत पंधरा-वीस माणसं चिडीचूप बसलेली. पत्र्याच्या पेट्या, भांड्यांची पोती, एक शेळी, आणि टोपलीखाली कोंबड्या. माझ्याएवढा एक पोरगा टोपलीवर हात ठेवून बसला होता, कोंबडी ओरडू नये म्हणून. बॅटरीच्या उजेडात त्याने माझ्याकडे बघितलं.

आण्णांनी ताडपत्री खाली सोडली आणि म्हणाले, "जाऊ द्या." बाकीच्यांनी शिव्या घातल्या, पण दगड बाजूला केला. घरी येईपर्यंत आण्णा बोलले नाहीत. त्या वर्षी दर वाढले, पण मागितले त्याच्या निम्मेसुद्धा नाहीत. पुढं किती तरी वर्षांनी मी त्यांना विचारलं, तुम्ही त्या टोळीला का सोडलं? ते म्हणाले, "त्यांला मुकादमानं सांगितलं व्हतं की बाकी सगळे गेले. तुम्हीच राहिलाव. त्यांला काय माहीत आपण बसलोय म्हणून."

जून उजाडला. एका संध्याकाळी दादाने वनलाइनबरोबर एक जुनी फाइल पाठवली. मालिकेतल्या मोठ्या आजीचं पात्र परत येणार होतं, तिची बोलण्याची ढब कशी आहे ते बघून घे, म्हणाला. भाग १८७. फाइल सुंदर लिहिलेली होती. आजीला एकही मोठं भाषण नव्हतं, ती सबंध भागात फक्त दाणे निवडत होती आणि मधेमधे दोन शब्द बोलत होती, आणि तेवढ्यात तिचं सुनेशी काय बिनसलंय ते कळत होतं. मी शेवटच्या पानावर आलो. शेवटच्या सीनखाली एक ओळ होती, बहुधा पुसायची राहून गेलेली:

"भाग १८७ समाप्त. पाच महिन्यांचं थकलेलं मानधन जमा झाल्यावर पुढचा भाग पाठवेन."

माझा पहिला भाग १८८ होता.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी तो लिहिला होता. मला तारीख आठवते, कारण १४ मार्चपासून राज्यातले सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर होते, आणि माझा चुलतभाऊ जिल्हा परिषदेचा शिक्षक. त्याच्यासाठी मी 'एकच मिशन, जुनी पेन्शन' असं स्टेटस ठेवलं होतं. त्याच रात्री बसून एका बाईने संप करून अडवलेला भाग मी लिहून दिला होता. तिचा संप एकटीचा होता, त्याला फलक नव्हता, बातमी नव्हती.

फाइलच्या माहितीत नाव होतं. नंबर मिळवायला मला तीन दिवस लागले आणि फोन लावायला आणखी दोन. मी काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं. पलीकडून आवाज आल्यावर कागद बाजूला राहिला. मी म्हणालो, "ताई, १८८ पासून मी लिहितोय."

"मराठवाड्याचा का?" त्यांनी विचारलं.

"हो. बीड."

"एका भागात गडी म्हणतो, 'कामून रडायलीस'. तेव्हाच मला वाटलं होतं, हा कोणी तरी तिकडचा आहे. पुढच्या भागात ते 'का रडतेस' झालं होतं." जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुला किती देतात?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. दादाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पैशाचं कुणाशी बोलू नकोस, इथं ते चालत नाही. मी सांगितलं, बाराशे.

"मला साडेचार हजार ठरले होते," त्या म्हणाल्या. "मालिकेत पैसे प्रसारणानंतर ९० दिवसांनी मिळतात, ते सगळेच गृहीत धरतात. पण ९० चे दीडशे झाले. मी विचारलं की म्हणायचे, चॅनेलकडून आले नाहीत. मग एक दिवस म्हणाले, ताई, तुम्ही थांबलात तरी काही अडत नाही, आमच्याकडे पोरं आहेत."

त्या चिडल्या नाहीत. त्या चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी दादाला कळवलं की मी यापुढे लिहिणार नाही. कारणही सांगितलं. दादाही वाईट माणूस नाही, त्याचाही पगार तीन महिने अडकला होता, घराचा हप्ता होता. तो म्हणाला, "तू नाही तर दुसरा येईल, तुला काय वाटतं?" दुसरा आला. माझी संध्याकाळची वनलाइन बंद झाली आणि मालिका एक दिवसही थांबली नाही. अडतीसपैकी वीस भागांचे पैसे मिळाले होते, अठरा भागांचे २१,६०० रुपये राहिले, ते राहिलेच. माझ्याकडे कागद कुठलाच नव्हता. करार नव्हता, ईमेल नव्हते, सगळं व्हॉट्सअॅपवर, आणि व्हॉट्सअॅपवर पैशाचा एकही आकडा लिहिलेला नव्हता.

ताईंनी मला मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं, म्हणजे एसडब्ल्यूएचं, सभासद व्हायला सांगितलं. मला वाटायचं तिथं फक्त नाव झालेल्यांना घेतात. तसं नाही, ज्याचं अजून काहीच पडद्यावर आलेलं नाही त्याच्यासाठीही सभासदत्वाचा एक वर्ग आहे. सगळं ऑनलाइन झालं, मुंबईला जावं लागलं नाही. मग मी माझी स्वतःची गोष्ट तिथं नोंदवली. ऊसतोडीला गेलेल्या आई-बापामागं गावात आजीजवळ राहिलेल्या दोन बहिणींची आठ भागांची गोष्ट, तीन वर्षं वहीत पडून होती. पीडीएफ करून अपलोड करायची, पानांप्रमाणे शुल्क भरायचं, की नोंदणीचा शिक्का आणि तारीख उमटलेली प्रत मिळते. कॉपीराइट यानेच मिळतो असं नाही, आपल्या कायद्यात तो लिहिल्याक्षणीच लेखकाचा असतो. पण अमुक तारखेला हे माझ्याकडे होतं, याचा तो पुरावा. ती प्रत मी आण्णांच्या मोबाइलवर पाठवली. त्यांनी भावाकडून प्रिंट काढून घेतली आणि सात-बाराच्या पिशवीत ठेवली.

याच दिवसांत मला हे कळलं की आपल्याकडे तिकडच्यासारखा संप होऊच का शकत नाही. तिकडे सगळ्या मोठ्या कंपन्यांनी सही केलेला एकच किमान करार आहे, ठरावीक वर्षांनी तो नव्याने ठरतो. अमुक लांबीच्या कामाला यापेक्षा कमी देता येणार नाही, हे त्यात लिहिलेलं असतं. करार संपला, बोलणी फिसकटली, की लेखणी खाली. आपल्याकडे एसडब्ल्यूए किमान करारासाठी वर्षानुवर्षं प्रयत्न करते आहे, पण सगळ्यांना बांधणारा करार अजून झालेला नाही. म्हणून इथं प्रत्येक जण एकेकटा मुकादमासमोर उभा. १४ जूनला जगभरच्या पटकथा लेखकांच्या संघटनांनी अमेरिकेतल्या संपाला पाठिंब्याचा दिवस पाळला. एसडब्ल्यूएही पाठिंब्यात होती. तो पाठिंबा मला फार जवळचा वाटला. १४ जुलैपासून तिकडे नट-नट्यांची संघटनाही संपावर गेली.

ऑगस्टमध्ये एका मुंबईच्या निर्मिती कंपनीने माझी गोष्ट मागवली. विभागातल्या एका सरांनी ती पुढे पाठवली होती. मी रात्री देवगिरी एक्सप्रेसला बसलो. मराठवाड्यात अख्खा ऑगस्ट पाऊस नव्हता, आमच्या रानातलं सोयाबीन गुडघ्याएवढंही झालं नव्हतं. मीटिंग दीड तास चालली. त्यांना बहिणींची गोष्ट मनापासून आवडली होती, त्यातल्या मोठीचा शेवट बदलावा का यावर चांगली चर्चा झाली. निघताना त्यांनी अकरा पानांचा इंग्रजी करार मेल केला.

तो करार ताईंनी आणि मी फोनवर दोन तास वाचला. मी मोठ्याने वाचायचो, त्या थांबवायच्या. सगळे हक्क, सगळ्या जगात, कायमचे, आज असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या सगळ्या माध्यमांसाठी. कायद्यात अशी सोय आहे की करारात मुदत लिहिलीच नसेल तर पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत, म्हणून ते न विसरता लिहितात. श्रेय द्यायचं की नाही ते निर्माता ठरवणार. पैसे मसुदा 'मंजूर' झाल्यावर, आणि मंजूर कधी करायचं याला मुदत नाही. कंपनी कधीही लेखकाला काढू शकेल, काढल्यावर पुढचे पैसे नाहीत, गोष्ट मात्र कंपनीकडेच. रॉयल्टीचा हक्क लेखक सोडून देतो असं एक कलम. आणि शेवटून दुसऱ्या पानावर: ही संहिता कंपनी कोणत्याही सॉफ्टवेअरला पुरवू शकेल आणि त्यातून तयार झालेल्या पुढच्या मसुद्यांवर लेखकाचा कसलाही हक्क राहणार नाही.

हे शेवटचं कलम वाचून मी उठून उभाच राहिलो. त्या दोन बहिणींपैकी धाकटी जे बोलते ते माझ्या आजीचे शब्द आहेत. ती ज्या ओव्या पुटपुटते त्या मी जात्यावर ऐकलेल्या आहेत. ते एखाद्या यंत्रात ओतायचं, त्याच्याकडून दुसरा हंगाम लिहून घ्यायचा आणि मला सांगायचं की तुझं काही नाही. अमेरिकेतले लेखक नेमक्या याही मुद्द्यावर त्या क्षणी रस्त्यावर होते.

मी उत्तर लिहिलं. पाच मागण्या. पाटीवर नाव. टप्प्याटप्प्याने पैसे, आणि मसुदा दिल्यावर २१ दिवसांत कळवलं नाही तर तो मंजूर धरायचा. काढलं तर तोवर दिलेल्या कामाचे पूर्ण पैसे. सॉफ्टवेअरचं कलम काढायचं. आणि रॉयल्टी सोडण्याचं कलम काढायचं, कारण २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आहे. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत तिच्यासाठी जोर लावला होता. सिनेमागृहाबाहेर इतर मार्गांनी चित्रकृती वापरली गेली, तर तिच्यात ज्याचं लेखन आहे त्याला रॉयल्टीत समान वाटा मिळण्याचा हक्क आहे, आणि तो सही करून सोडताच येत नाही. हे लिहिताना माझा हात थरथरत होता. खात्यात चार हजार रुपये होते.

एकोणीस दिवस काही नाही. आईने दोनदा विचारलं, झालं का रे तुझं. मी म्हणायचो, बोलणी चालू आहेत. ती म्हणाली, "कारखान्यावाणी बोलायलास."

विसाव्या दिवशी उत्तर आलं. नाव देऊ. टप्प्यांचे पैसे देऊ. बाकी तीन कलमं सगळ्यांच्याच करारात असतात, ती बदलता येणार नाहीत. मी विचारलं, निदान सॉफ्टवेअरचं तरी? ते म्हणाले, त्याचा आम्ही वापर करणारच नाही आहोत, नुसतं लिहिलेलं आहे. मी म्हणालो, मग काढा. त्यानंतर फोन आला नाही.

२७ सप्टेंबरला तिकडचा संप मिटला, १४८ दिवसांनी. पुढे ९ ऑक्टोबरला मतमोजणी झाली, ९९ टक्के लेखकांनी करार मान्य केला. मी त्याचा गोषवारा बसून वाचला. कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेलं 'साहित्य' म्हणून धरलं जाणार नाही. लेखकाला ती वापरायची सक्ती करता येणार नाही. त्याच्या हातात दिलेल्या मजकुरात यंत्राने लिहिलेलं काही असेल तर कंपनीने ते सांगायला हवं. लेखकांच्या खोलीत किमान किती माणसं हवीत, हे भागांच्या संख्येवरून बांधून दिलं. कंपनीच्या देशांतर्गत २० टक्के वर्गणीदारांनी पहिल्या ९० दिवसांत मालिका बघितली तर लेखकाला जादा बोनस. आणि किती तास बघितलं गेलं तो आकडा कंपन्यांनी गिल्डला द्यायचा. आकडा गुप्त ठेवायच्या अटीवर, पण द्यायचा. मी आण्णांना सांगितलं, काट्यावर आपला माणूस उभा राहिला. त्यांनी विचारलं, "आणि ते एवढे दिवस खाल्लं काय त्यांनी?" कुणी उबर चालवली, कुणी हॉटेलात काम केलं, कुणी घर सोडलं, असं मी वाचलं होतं. ते सांगितलं.

माझंही तसंच चाललं होतं. सकाळची क्लासची आणखी एक बॅच घेतली. दिवाळीनंतर लग्नसराई लागली, मंगल कार्यालयांत निवेदन केलं. एका कृषी दुकानदाराच्या जाहिराती लिहिल्या. मी करार सोडला याचं मला रोज बरं वाटत होतं असं नाही. नोव्हेंबरात एका रात्री त्या कंपनीला 'करतो सही' असं लिहून मेल तयार ठेवला होता. पाठवला नाही, पण पुसलाही नाही, पुढे कित्येक दिवस तो तसाच पडून होता.

तेवढ्यात भाऊ-वहिनी कोल्हापूरकडे फडावर, म्हणजे उसाच्या रानात तोडीला, गेलेले. डिसेंबरात दरवाढीसाठी पुन्हा कोयता बंदची हाक आली. भावाचा फोन आला, कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, बसून आहोत म्हणाला, मुकादम रोज येऊन सांगतो की पलीकडच्या फडात तोड चालू झाली. मी विचारलं, मग? भाऊ म्हणाला, "आता मोबाइल हाय की. पलीकडच्या फडात आपला पाव्हणा हाय. त्याला लावला फोन. तो म्हणला, आम्हाला तुमचं नाव सांगायलाय." जानेवारी २०२४च्या पहिल्या आठवड्यात पुण्यात बैठक झाली आणि तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तीन वर्षांसाठी. भावाने तो आकडा मला पाठवला, नुसता आकडा.

मी त्या रात्री तयार ठेवलेला मेल पुसला.

फेब्रुवारीत विद्यापीठाच्या गेटजवळच्या चहाच्या टपरीवर एक पोरगा मला भेटायला आला. अंबाजोगाईचा, आमच्याच विभागात दुसऱ्या वर्षाला. त्याची एकांकिका मी स्पर्धेत बघितली होती, ताकदीचा लिहितो. त्याने पाठीवरच्या सॅकमधून प्रिंट काढली. अकरा पानं. तीच कंपनी. ऊसतोडीवरच गोष्ट हवी होती त्यांना, मराठवाड्याचाच लेखक हवा होता.

"दादा, सर म्हणले तुम्ही त्यांच्याबरोबर बोलला होता," तो म्हणाला. "ते म्हणायलेत, आधीच्या लेखकाला जमलं नाही म्हणून सोडून दिलं."

मी त्याला सगळं सांगितलं, १८८ पासून. कोणतं कलम कुठं आहे, त्यांनी काय मान्य केलं होतं, कुठं अडलं. शेवटून दुसरं पान काढून दाखवलं. ते कलम तसंच्या तसं होतं. त्याने ते तीनदा वाचलं. त्याच्या घरची परिस्थिती मला माहीत होती, म्हणून सही कर किंवा करू नको असं मी म्हणालो नाही.

चहा निवून गेला होता. तो बराच वेळ प्रिंटच्या कोपऱ्याची घडी घालत बसला. मग हळूच म्हणाला, "दादा, पैशाचं विचारू नये, पण तुम्हाला भागाला किती म्हणले होते?"

मी त्याला माझा आकडा सांगितला. मग त्याने त्याचा सांगितला. माझ्यापेक्षा सात हजारांनी कमी होता. मी खिशातून पेन काढून त्याच्यासमोर ठेवलं, आणि आम्ही पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.